फ्लॉरेन्स शहर कसें पाहावें

परदेशांतील एखादें नामांकित शहर पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा दोन याद्या तयार करतो. एक पाहावयाच्या स्थळांची व दुसरी विकत घ्यावयाच्या वस्तूंची. इटलींतील फ्लॉरेन्सच्या बाबतींत या दोन्ही याद्या लांबतात. चित्रें, शिल्पें, सोन्याचे दागिने, कातडी सामान व उंची वस्त्रें यांकरितां हें शहर कित्येक शतकें प्रसिद्ध आहे. परंतु कोल्हापूरकराच्या यादींत आणखी एक स्थळ असावयास पाहिजे. शहराच्या पश्चिमेस, दोन नद्यांच्या संगमावर, कोल्हापूरच्या एका तरुण छत्रपतींचें स्मारक आहे. सहलीच्या ठरीव कार्यक्रमांत त्यास बहुधा जागा नसते. त्यामुळें तें न पाहतांच परत येण्याचा प्रसंग सहज येतो. असा प्रसंग येऊं नये, आणि बाकीचें शहरहि डोळसपणें पाहिलें जावें, यासाठीं हें विवेचन आहे.

प्रथम काळवेळ. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्यें दगडी रस्ते व दगडी भिंती दिवसभर तापतात आणि गर्दीहि फार असते. नोव्हेंबरांत पाऊस असतो. रोमहून जलद गाडीनें सुमारें दीड तासांत येथें पोहोंचतां येतें, म्हणून कित्येक लोक सकाळीं येऊन संध्याकाळीं परततात. ही घाई करूं नये. निदान तीन पूर्ण दिवस हातीं असावेत. जुनें शहर लहान आहे. रेल्वेस्टेशनपासून नदीपर्यंत चालत जाण्यास अर्धा तासहि लागत नाहीं. परवान्यावांचून खासगी मोटारींस जुन्या भागांत मज्जाव असल्यानें भाड्याची मोटार घेऊन तेथें शिरण्यांत फायदा नाहीं, उलट दंड होतो. पायांत मऊ, वापरलेलें पादत्राण असलें म्हणजे निम्मी तयारी झाली.

पहिला दिवस मोठ्या घुमटास द्यावा. ज्यानें विजापूरचा गोल घुमट पाहिला आहे, त्यास या घुमटाचें महत्त्व लवकर उमगेल. गोल घुमट १६५६ सालीं पुरा झाला व त्याचा बाहेरील व्यास सुमारें ४४ मीटर आहे. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल फिओरे या मुख्य प्रार्थनामंदिराचा घुमट त्याच तोलामोलाचा असून तो दोनशें वर्षें आधीं, १४२० ते १४३६ या काळांत, उभा राहिला. विजापूरचा घुमट वर्तुळाकार, तर हा अष्टकोनी. जमिनीपासून लांकडी आधार न उभारतां फिलिप्पो ब्रुनेलेस्की यानें तो बांधला. एकावर एक अशीं दोन कवचें, आणि विटांची तिरपी, एकमेकींत अडकणारी रचना, ही त्याची युक्ति. सुमारें ४० लाख विटा त्यास लागल्या असें सांगतात. विशेष म्हणजे ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनारकाम शिकलेला मनुष्य होता.

घुमटावर चढावयास ४६३ पायऱ्या आहेत, पाळणा नाहीं. दिवस व वेळ आधीं ठरवून तिकीट काढावें लागतें. ज्यांना दोहोंपैकीं एकच चढण झेपेल, त्यांनीं शेजारच्या घंटामनोऱ्यावर जावें. त्याच्या पायऱ्या ४१४, आणि तेथून मुख्य लाभ असा कीं, समोर घुमट दिसतो. घुमटावर चढणाऱ्यास घुमट तेवढा दिसत नाहीं. समोरच्या बाप्तिस्मामंदिराचीं सोनेरी दारें पाहण्यासाठीं लोक दाटी करतात. परंतु तेथें बसविलेलीं दारें प्रतिकृति आहेत. गिबेर्तीनें घडविलेलीं अस्सल दारें घुमटामागील संग्रहालयांत शांतपणें पाहावयास मिळतात. कोणत्याहि प्रार्थनामंदिरांत जातांना खांदे व गुडघे झांकलेले असावेत. देवळांत जातांना आपण जो विवेक पाळतों तोच येथेंहि पाळावा.

दुसरा दिवस चित्रांचा व शिल्पांचा. उफीत्सी या शब्दाचा अर्थच मुळीं 'कचेऱ्या' असा आहे. मेदिची घराण्याच्या कोझिमो या अधिपतीसाठीं वासारी यानें १५६० सालीं ही इमारत सरकारी कचेऱ्यांकरितां बांधावयास घेतली. आज तेथें जगांतील एक श्रेष्ठ चित्रसंग्रह आहे. हें संग्रहालय सोमवारीं बंद असतें, आणि मायकेल अँजेलोचा डेव्हिड जेथें आहे तें अकादेमियाहि सोमवारींच बंद असतें. म्हणून सोमवार या दोहोंसाठीं ठेवूं नये. उफीत्सींतील सर्व दालनें एका दिवसांत पाहण्याचा हट्ट धरणारा प्रवासी चौथ्या दालनानंतर नुसता चालत असतो. दहा चित्रें निवडावीं, प्रत्येकापुढें पांच-सात मिनिटें थांबावें व बाहेर पडावें. त्या दहांत बोत्तिचेल्लीचें 'वसंत' हें चित्र असलेंच पाहिजे; आणि आपल्या मुलुखाच्या माणसास त्यापुढें थोडें अधिक थांबण्यास एक कारण आहे.

हा संग्रह या शहरांत टिकून राहिला, त्याचें पहिलें श्रेय एका स्त्रीस आहे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिनें १७३७ सालच्या करारानें घराण्याचा सर्व कलासंग्रह राज्याच्या स्वाधीन केला. अट एवढीच कीं, त्यांतील एकहि वस्तु फ्लॉरेन्सबाहेर जातां कामा नये. पुढें दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भयानें चित्रें शहराबाहेरच्या गढ्यांत व वाड्यांत हलविण्यांत आलीं. १९४४ च्या जुलैअखेर हिंदी सैन्याची आठवी डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या रोखानें पुढें सरकत होती. शहराच्या नैऋत्येस मॉन्तेगुफोनी नांवाची जुनी गढी आहे. तेथें पोहोंचलेल्या सैनिकांस भिंतींना टेकून ठेवलेलीं उफीत्सींतील चित्रें आढळलीं. 'वसंत' त्यांतच होतें. लढाईची आघाडी अगदीं जवळ असतां त्या चित्रांवर पहारा बसविण्यांत आला व तीं सुखरूप राहिलीं. या डिव्हिजनमध्यें मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणहि होती. परक्यांचा ठेवा आपल्या माणसांनीं जपला, ही गोष्ट त्या चित्रापुढें उभें राहतांना मनांत असावी.

अकादेमियांतील डेव्हिड हा सतरा फूट उंचीचा पुतळा मायकेल अँजेलोनें १५०१ ते १५०४ या काळांत घडविला. १८७३ पर्यंत तो जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकांत उघड्यावर उभा होता; नंतर तो आंत नेण्यांत आला व चौकांत १९१० पासून प्रतिकृति उभी आहे. अस्सल पुतळा पाहावयाचा तो प्रथम दुरून, दालनाच्या दुसऱ्या टोंकापासून. आणि मग जवळ जाऊन त्याचा उजवा हात पाहावा. डोकें व हात शरीराच्या मानानें मोठे आहेत, कारण पुतळा उंच जागीं बसवावा अशी मूळ योजना होती.

संध्याकाळीं आर्नो नदीवरील जुन्या पुलाकडे, म्हणजे पॉन्ते वेक्क्योकडे, वळावें. १३४५ सालीं बांधलेल्या या पुलावर दोन्ही अंगांस दुकानें आहेत. पूर्वीं तीं खाटकांचीं होतीं. १५९३ सालीं दुर्गंधीमुळें त्यांना हलवून सोनारांना जागा देण्यांत आली, ते आजतागायत तेथें आहेत. १९४४ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शहरांतील बाकीचे पूल उडविले. हा एकच वांचला. कोल्हापूरच्या गुजरींत साज घडतांना ज्यानें पाहिला आहे, त्यास येथील कारागिरीचें मोल वेगळें सांगावयास नको. मात्र पुलावर पाहावें आणि खरेदी करण्यापूर्वीं नदीपलीकडच्या गल्ल्यांतून हिंडावें. तेथें अजूनहि लहान कारखान्यांत माणूस हत्यार हातीं घेऊन बसलेला दिसतो.

कातडी सामानाचीहि तीच गोष्ट. सांता क्रोचे या प्रार्थनामंदिरामागील मठांत युद्धानंतर अनाथ मुलांस धंदा मिळावा म्हणून निघालेली चर्मकलेची शाळा आहे. तेथें काम चालू असतांना पाहतां येतें. तोस्काना प्रांतांत कातडें कमावण्यासाठीं चेस्टनटच्या झाडाचा अर्क वापरतात; आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचें कातडें बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावतात. दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच. पादत्राणें हाहि येथें कलेचा विषय आहे; साल्वातोरे फेर्रागामो या चर्मकारानें घडविलेल्या जोड्यांचें स्वतंत्र संग्रहालय नदीकाठच्या एका जुन्या वाड्यांत आहे. तें पाहतांना कोल्हापूरच्या माणसास एक ताजी घटना आठवेल. २०२५ सालच्या जूनमध्यें मिलान शहरांत प्राडा या इटालियन पेढीच्या वस्त्रप्रदर्शनांत कोल्हापुरी चपलेच्या घाटाचीं पादत्राणें दिसलीं, पण त्यांत कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रांतून हरकत निघाल्यावर तो घाट भारतीय कारागिरांच्या परंपरेवरून घेतल्याचें त्या पेढीनें मान्य केलें. वस्तु प्रसिद्ध होते आणि नांव मागें राहतें, असें जगांत नेहमीं घडतें; तें नांव सांगणारा कोणीतरी असावा लागतो.

खाण्यापिण्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कॉफी काउंटरपाशीं उभें राहून घेतली तर स्वस्त. तीच टेबलाशीं बसून घेतली तर पैसे अधिक पडतात. भोजनगृहांत पदार्थांच्या दराशिवाय बसण्याचा माणशीं आकार निराळा लावतात. ती फसवणूक नव्हे, रिवाज आहे. रात्रीचें जेवण साडेसातच्या आधीं क्वचितच मिळतें. येथील पाव अळणी असतो. पहिल्या घांसास चुकल्यासारखें वाटतें, पण खारट पदार्थांबरोबर त्याची गोडी कळते. शिळा पाव, घेवडा व पालेभाजी एकत्र शिजवून केलेलें रिबोल्लिता, किंवा पाव व टोमॅटो यांचें पाप्पा अल पोमोदोरो हे पदार्थ शाकाहारी माणसास चालण्यासारखे आहेत. तरी रश्श्यांत मांसाचें पाणी नाहीं ना, हें विचारून घ्यावें. येथील प्रसिद्ध भाजलेलें मांस आणि रस्त्यावर मिळणारें लाम्प्रेदोत्तो हीं दोन्ही गाईबैलांच्या मांसाचीं असतात. ज्यांना तें वर्ज्य आहे त्यांनीं हीं नांवें लक्षांत ठेवावीं.

तिसऱ्या दिवसाची सकाळ कास्चिने या उद्यानासाठीं राखावी. मेदिची घराण्याच्या गोठ्यांची व कुरणांची ही जमीन. आर्नोच्या उजव्या काठानें ती सुमारें साडेतीन किलोमीटर पसरली आहे. रेल्वेस्टेशनजवळून सुटणारी ट्राम उद्यानाच्या पूर्वेकडील टोंकास सोडते. मंगळवारीं सकाळीं तेथें मोठा आठवडी बाजार भरतो. तेथून नदी डावीकडे ठेवून झाडांच्या सावलींतून पश्चिमेस चालूं लागावें. शाळेंत शेलीची पश्चिम-वाऱ्यास उद्देशून लिहिलेली कविता ज्यांनीं अभ्यासिली असेल, त्यांनीं हें ध्यानीं घ्यावें कीं, ती त्यास १८१९ सालीं आर्नोकाठच्या याच वनराईंत सुचली. पाऊण तासाच्या चालीनंतर झाडी विरळ होते व मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते तें ठिकाण येतें. त्या संगमावर छत्रीच्या घाटाचा मंडप व त्याखालीं फेटा बांधलेल्या एका तरुण पुरुषाचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. तेच कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, आणि राजर्षि शाहू महाराजांचे पुत्रहि नव्हेत. १८६६ सालीं ते करवीरच्या गादीवर आले. इंग्रजी विद्येंत त्यांना चांगली गति होती. १८७० सालीं ते युरोपच्या प्रवासास निघाले; इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीची त्यांनीं भेट घेतली, आणि प्रवासांत इंग्रजींत दैनंदिनी लिहिली. ती पुढें कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृति बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचें देहावसान झालें. वय अवघें वीस वर्षांचें.

त्या वेळीं फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. रोम नुकतेंच, सप्टेंबरांत, इटलीच्या हातीं आलें होतें. जुन्या राजवाड्यांत लोकसभा भरत होती आणि डेव्हिड अद्याप बाहेर चौकांत उभा होता. अशा या शहरांत महाराजांबरोबरच्या मंडळींपुढें अंत्यविधीचा प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ती लोकांत दहनाची चाल नव्हती. युरोपांतील अर्वाचीन पद्धतीचें दहनगृह मिलानमध्यें सुरू झालें तेंहि पुढें १८७६ सालीं. तोस्कानाच्या किनाऱ्यावर १८२२ मध्यें शेलीचें दहन झालें होतें. पण तें समुद्रांत बुडून वाहून आलेल्या देहासंबंधींच्या आरोग्यनियमामुळें. येथें मागणी होती ती धर्माप्रमाणें, नदीच्या संगमावर चिता रचण्याची. शहराच्या अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने यांच्या संगमावर रात्रीच्या वेळीं विधि पार पडला.

कोल्हापूरच्या माणसास संगमाचें महत्त्व समजावून द्यावें लागत नाहीं. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि त्याच पंचगंगेच्या घाटावर करवीरच्या राजघराण्यांतील समाधिमंदिरें आहेत. दोन्ही नद्यांचा स्वभावहि मिळताजुळता. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नोला महापूर आला व चित्रें आणि ग्रंथ चिखलांत बुडाले. जुन्या भागांतील भिंतींवर त्या पाण्याची उंची दाखविणाऱ्या पाट्या आहेत. २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेचें पाणी ज्यांनीं घरांत आलेलें पाहिलें, ते त्या पाटीपुढें आपोआप थांबतील. घरापासून हजारों मैलांवर विसाव्या वर्षीं मृत्यु आलेल्या राजाला एका परक्या शहरानें त्याच्या धर्माप्रमाणें संगम दिला, याचें मोल अशा माणसासच नीट कळतें.

१८७४ सालीं तेथें स्मारक उभें राहिलें. अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानें घडविला. मंडपाची योजना मेजर चार्ल्स मँट याची. पायथ्याशीं इटालियन व इंग्रजीबरोबर आपल्याकडील लिपींतहि लेख कोरलेले आहेत. स्थानिक लोकांत हें ठिकाण 'इंडियानो', म्हणजे 'हिंदी माणूस', या नांवानें रुळलें. १९७८ सालीं जवळच आर्नोवर मोठा पूल झाला. त्यासहि इंडियानोचा पूल म्हणतात. रोज त्या पुलावरून जाणाऱ्यांच्या तोंडीं 'हिंदी माणूस' आहे. पण तो माणूस कोण, कोठला, हें त्या शब्दांत येत नाहीं. फ्लॉरेन्सनें स्मृति जपली, नांव मात्र झिजलें. तें पुन्हां सांगण्याचें काम तेथील लोकांचें नव्हे. तें कोल्हापूरकराचें आहे. एखाद्या वृद्धानें किंवा मुलानें उत्सुकतेनें पाहिलें तर दोन वाक्यांत हा वृत्तान्त सांगावा. राजाराम हें नांव आणि कोल्हापूर हें गांव स्पष्ट उच्चारावें. यास कांहीं खर्च पडत नाहीं.

या यात्रेची तयारी कोल्हापुरांतच करतां येते. ज्या मँटनें संगमावरील मंडप योजिला, त्यानेंच कोल्हापूरचा टाउन हॉल आणि १८७७ ते १८८४ या काळांत बांधलेला नवा राजवाडा यांचे आराखडे केले. निघण्यापूर्वीं नव्या राजवाड्याच्या कमानी व छत्र्या एकवार पाहून ठेवाव्यात. मग आर्नोकाठचा मंडप अनोळखी वाटणार नाहीं. टाउन हॉलमधील संग्रहालयांत ब्रह्मपुरीच्या टेकाडांत सांपडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ति आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन जगांतून ती पंचगंगेच्या तीरावर आली. इटलीकडून कोल्हापुरास एक देव आला आणि कोल्हापूरचा एक राजा इटलींत राहिला. त्याच्या स्मरणार्थ १८८० सालीं नांव पावलेल्या राजाराम कॉलेजांत गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखे विद्यार्थी शिकले. म्हणजे गांवीं त्या नांवाचें चीज झालें आहे.

शेवटच्या संध्याकाळीं नदीपलीकडच्या टेकडीवर मायकेल अँजेलोच्या नांवाचें जें विस्तीर्ण पटांगण आहे, तेथें जावें. आणि गर्दी वाटल्यास आणखी थोडें चढून सान मिनियातोच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवर बसावें. समोर घुमट, घंटामनोरा, जुना पूल असें सर्व शहर एका दृष्टींत येतें. मावळतीकडे नदी वळत जाते व झाडांच्या काळसर पट्ट्यांत दिसेनाशी होते. तो पट्टा म्हणजेच कास्चिने, आणि त्याच्या टोंकास तो संगम. आदल्या सकाळीं तेथें जाऊन आलेल्या प्रवाशास ती दिशा शोधावी लागत नाहीं.